‘हवंय ते’ आणि ‘आहे ते’ : यँग मला का आवडतं

नेटवर्क मॅनेजमेंटचा विषय निघाला की लोक लगेच प्रोटोकॉलवर भांडायला लागतात, उपकरणांशी बोलायला एसएनएमपी का नेटकॉन्फ, डेटा लिहायला एक्सएमएल का जेसन वगैरे. मला विचाराल तर खरी मेख तिथे नाहीच. बॉक्समध्ये, म्हणजे राउटर किंवा स्विचमध्ये, कुठला डेटा आहे, त्याचा टाइप काय, तो कोणी बदलायचा, कशाचं कशाशी जमलं पाहिजे, हे सगळं कुठल्या भाषेत लिहून ठेवलंय त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. यँग ही अशीच एक भाषा.

एसएनएमपीच्या जगात ही भाषा म्हणजे एसएमआय. पहिली आवृत्ती १९९० ची, दुसरी १९९९ मध्ये स्टँडर्ड झाली, आजही हजारो एमआयबी (उपकरणातल्या डेटाची वर्णनं) तिच्यातच आहेत. एएसएन.१ या डेटाचं वर्णन करायच्या भाषेतला लहानसा तुकडा घेऊन बनवलेली, त्यामुळे अगदी छोट्या मशीनवरसुद्धा झेपायची आणि मॉनिटरिंगचं काम तिने खरंच उत्तम निभावलं. पण टाइप बघा. इंटरफेसवर (पोर्टवर) आलेले बाइट मोजायला ३२ बिटचा काउंटर, एक गिगाबिटची लिंक फुल चालली तर तो साधारण ३४ सेकंदात फिरून परत शून्यावर येतो, मग पाच मिनिटांनी आकडा विचारणाऱ्याला मध्ये किती फेऱ्या झाल्या ते कळणार कसं? नंतर ६४ बिटचा काउंटर आला, पण साधा ६४ बिटचा इंटिजर काही आला नाही, म्हणून मोठा गेज (वर-खाली होणारा आकडा) हवा असेल तर काउंटरचाच टाइप उसना घेऊन काम भागवावं लागायचं. टेबलात टेबल ठेवता येत नाही ते वेगळंच.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे नियम डिस्क्रिप्शनमध्ये. ‘रो अ‍ॅक्टिव्ह असताना हा कॉलम बदलू नये’ असलं महत्त्वाचं वाक्य साध्या इंग्रजीत लिहिलेलं असतं, कंपायलर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, मग प्रत्येक कंपनीचा प्रोग्रामर आपापल्या परीने अर्थ लावतो आणि भोगतो तो नेटवर्क चालवणारा ऑपरेटर.

सुधारायचा प्रयत्न झाला होता. एसएमआयएनजी नावाची नवी भाषा आली, कंसवाली, सी किंवा जावासारखी दिसणारी, पण २००४ मध्ये एक्सपेरिमेंटल म्हणून छापली गेली आणि तिथेच थांबली. तरी मेहनत वाया गेली असं मी म्हणणार नाही, कारण यँगचं सिंटॅक्स पाहिलं की तिची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

खरं वळण जून २००२ चं. इंटरनेटच्या रचनेवर देखरेख ठेवणाऱ्या आयएबीने ऑपरेटर आणि प्रोटोकॉलवाल्यांना एकत्र बसवलं आणि त्याचा वृत्तांत आरएफसी ३५३५ या दस्तऐवजाच्या रूपात आला. ऑपरेटरांच्या मागण्यांमध्ये वापरायला सोपं हवं ही तर होतीच, पण लगेच पुढची म्हणजे कॉन्फिगरेशन, चालू स्थिती आणि आकडेवारी हे तीन वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. ऐकायला साधं वाटतं, पण याच्याशिवाय एका बॉक्सचा कॉन्फिग काढून दुसऱ्यावर टाकणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

२०१० मध्ये यँग आलं त्यात हे एका ओळीत आहे. लीफच्या (एकच मूल्य ठेवणाऱ्या नोंदीच्या) खाली ‘कॉन्फिग फॉल्स’ लिहिलं की ते फक्त वाचायचं, नाही लिहिलं तर सहसा तुम्ही ठरवायचं. इंटरफेसमध्ये ‘एनेबल्ड’ हे तुमचं मागणं, ‘ऑपर-स्टेटस’ हे प्रत्यक्षात काय आहे ते. आणि डिस्क्रिप्शनमधले बरेचसे नियम ‘मस्ट’ (पाळायची अट), ‘व्हेन’ (कधी लागू), ‘लीफरेफ’ (दुसऱ्या नोंदीकडे निर्देश) मध्ये आले, म्हणजे नसलेल्या इंटरफेसकडे बोट दाखवणारा कॉन्फिग सर्व्हरच नाकारतो, रात्री लिंक पडल्यावर शोधत बसावं लागत नाही. मला यँगमधली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

सुरुवातीला तिथेही अडलंच. २०१४ च्या इंटरफेस मॉड्यूलमध्ये डेटाची दोन झाडं (फांद्यांसारखी मांडणी) होती, एक कॉन्फिगचं, एक स्थितीचं, आणि नाव जुळवत बसायचं काम क्लायंटचं. २०१८ मध्ये एनएमडीए ही नवी रचना आली आणि झाड एकच राहिलं, फक्त डेटास्टोअर (डेटा ठेवायच्या जागा) वेगळे. समजा कोणी चॅसिसमधून लाइन कार्ड (पोर्ट असलेलं कार्ड) उपसून काढलं, तर ‘रनिंग’ मध्ये त्याच्या इंटरफेसचा कॉन्फिग तसाच असतो आणि ‘ऑपरेशनल’ मध्ये तो इंटरफेस नसतोच. हवंय ते इथे, आहे ते तिथे, दोन्हीकडे नाव आणि पाथ (झाडातला पत्ता) तोच, त्यामुळे फरक काढायचं स्क्रिप्ट कुणीही लिहू शकेल.

मनाला लागतं ते वेगळंच. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफचं इंटरफेस मॉडेल वेगळं, ऑपरेटरांच्या ओपनकॉन्फिग गटाचं वेगळं, वर प्रत्येक कंपनीचं स्वतःचं आहेच, म्हणजे भाषा एक झाली पण बोलणं अजून वेगवेगळंच चालू आहे. त्यात ‘डेव्हिएशन’ नावाची सोय आहे, बॉक्स मॉडेलमधलं काय पाळत नाही ते मशीनला कळेल असं लिहून द्यायची. ती प्रामाणिक सोय आहे आणि तिचा पुरेपूर फायदा घ्या. कुठलाही बॉक्स निवडण्याआधी ‘यँग सपोर्ट आहे का’ एवढ्यावर थांबू नका, त्याची डेव्हिएशनची मॉड्यूल्स मागा आणि तुम्ही वापरणार असलेले पाथ त्यात आहेत का ते एकेक करून बघा.