थँक्सगिव्हिंगचा रेलिश ट्रे: करकरीतपणा टिकवायचा कसा

थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येणारा अमेरिकेतला सण. त्याच्या जेवणाच्या टेबलावर बहुतेक सगळं मऊ आणि गरम असतं. टर्की, पावाचं स्टफिंग, लोणी घालून कुस्करलेले बटाटे, ग्रेव्ही, गोडसर रताळी. चार घास झाले की जीभ जड होते आणि काहीतरी आंबट, थंड, दाताखाली वाजणारं हवंसं वाटतं. रेलिश ट्रे त्यासाठीच असतो. आपल्या ताटाच्या डाव्या बाजूला लोणचं-कोशिंबीर जे काम करतं, तेच इथे सेलरी, गाजर, लाल मुळे, ऑलिव्ह आणि व्हिनेगरमधल्या काकड्या करतात. तोंडीलावणंच ते, फक्त सगळ्यांसाठी मिळून एका ट्रेमध्ये.

मधोमध रँच डिपची (सायीसारख्या दाट, आंबट चटणीची) वाटी असलेला तयार भाज्यांचा ट्रे हा वेगळा प्रकार. रेलिश ट्रेमध्ये डिप ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. जेवणात लोणी आणि साय पुरेशी आहे, तिच्यात आणखी भर घातली तर ट्रे मांडायचं कारणच उरत नाही.

या ट्रेमध्ये सेलरीला मान आहे तो जुना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती महाग भाजी होती, कारण देठ पांढरे आणि कोवळे राहावेत म्हणून रोपांभोवती माती चढवत राहावी लागे. सुखवस्तू घरांत ती काचेच्या उंच, फुलदाणीसारख्या भांड्यात उभी करून टेबलावर ठेवत. मिशिगनमधल्या कॅलमझूची तर सेलरीचं शहर म्हणूनच ओळख होती. पुढे सेलरी स्वस्त झाली, उंच भांड्याच्या जागी चपटी ताटली आली, शेजारी ऑलिव्ह आणि पिकल, म्हणजे व्हिनेगरमध्ये किंवा खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या भाज्या, आले. विसाव्या शतकाच्या मध्यावर विस्कॉन्सिन आणि आसपासच्या राज्यांतल्या सपर क्लबांत (रात्रीच्या निवांत जेवणाच्या रेस्टॉरंटांत) गिऱ्हाईक टेबलाशी बसलं की पहिल्यांदा रेलिश ट्रे यायचा.

ट्रे बिघडतो तो जवळजवळ नेहमी पाण्यामुळे. भाजीच्या पेशींत पाणी गच्च भरलेलं असलं की ती करकरीत लागते, ते उडालं की देठ नुसता वाकतो. आणि तेच पाणी बाहेर, ट्रेच्या तळाशी साचलं तर सगळा विचका होतो. पिकलचं खारं पाणी गाजराला लागलं की मीठ गाजरातलं पाणी ओढून घेतं आणि जेवण संपेपर्यंत गाजर मलूल पडतं. म्हणून दोनच गोष्टी सांभाळायच्या: भाज्यांना बर्फाच्या पाण्यात पोटभर पाणी पिऊ द्यायचं, आणि ट्रेवर जाणारी प्रत्येक वस्तू कोरडी किंवा नीट निथळलेली असायला हवी.

आठ माणसांसाठी सेलरीचा एक मोठा जुडगा, मध्यम आकाराची चार गाजरं, सोळा-सतरा मुळे, दोन प्रकारचे ऑलिव्ह (निथळून प्रत्येकी १७० ग्रॅम) आणि सगळे पिकल मिळून साधारण अर्धा किलो, एवढं पुरतं. जास्त घेतलं की ट्रे गच्च भरतो, वस्तू एकमेकींवर चढतात आणि वाहू लागतात. ट्रे थोडा मोकळा ठेवून फ्रीजमधून एकदा पुन्हा भरणं केव्हाही बरं.

सेलरीचे बाहेरचे तीन-चार जाड देठ ट्रेसाठी वापरू नका, ते स्टफिंगमध्ये चिरून घाला. ट्रेवर जायचा तो आतला फिकट, कोवळा गाभा, पानांसकट. मधले देठ घेणार असाल तर पाठीवरच्या शिरा सोलाण्याने काढा. त्या दातांत अडकतात आणि माणूस दुसरा तुकडा उचलत नाही. ७-८ सेंटिमीटरचे तुकडे करून अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवा. पाण्यात मीठ मुळीच घालायचं नाही, नाहीतर पाणी आत जाण्याऐवजी बाहेर येईल.

सेलरीच्या कुरळ्या हव्या असतील तर तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून मध्याकडे बारीक समांतर चिरा द्या, मधला एक सेंटिमीटर अखंड ठेवा आणि तासभर बर्फाच्या पाण्यात सोडा. देठाची बाहेरची साल ताठर असते, ती फारशी ताणली जात नाही. आतला गर मात्र पाणी पिऊन फुगतो, म्हणून पट्ट्या बाहेरच्या बाजूला वळतात. मुळ्याचं फूल उमलतं तेही याच कारणाने.

ते फूल करताना बहुतेकांचं चुकतं, म्हणून ते जरा सविस्तर. मुळे सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाचे, घट्ट आणि जड निवडा. मोठे मुळे आतून पोचट निघतात आणि पोचट मुळ्याची पाकळी वळत नाही, तुटते. शेपटी कापून टाका, देठ दोन सेंटिमीटर ठेवा, एखादं कोवळं पान राहिलं तर छानच. उचलायला मूठ होते. मुळा देठाकडून बोटांत धरा. लहान, धारदार सुरीने शेपटीच्या बाजूने खाली, सालीलगत पातळ काप द्या आणि देठाच्या अर्धा सेंटिमीटर अलीकडे थांबा. असे चार ते सहा काप गोलाकार द्यायचे. काप इतका पातळ हवा की लाल सालीला आतला पांढरा गर जेमतेम दीड-दोन मिलिमीटर चिकटलेला असेल. जाड पाकळी रात्रभर पाण्यात ठेवली तरी उघडत नाही. सुरी थोडी खोल गेली तर पाकळीच हातात येते. तो मुळा चकत्या करून वापरा. कापलेले मुळे किमान दोन तास बर्फाच्या पाण्यात, रात्रभर ठेवलेत तर आणखी छान फुलतात. थोडा तिखटपणाही पाण्यात उतरतो, त्याची खंत नको.

गाजरं अख्खी घ्या. पिशवीतली छोटी "बेबी" गाजरं बहुतेक वेळा मोठ्या गाजरांचे घासून गोल केलेले तुकडे असतात. साल नसल्यामुळे वरचा थर पटकन सुकतो आणि पांढुरका दिसू लागतो. गाजर सोलून ८ सेंटिमीटर लांब आणि बोटाहून बारीक कांड्या करा. आणि गाजरं, सेलरी सफरचंदांसोबत एका कप्प्यात ठेवू नका. सफरचंदातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडू होतं, मग त्यावर काहीच इलाज नाही. मुळ्यांचा पालाही घरी आणल्या आणल्या काढा, ट्रेसाठी ठेवायची ती एक-दोन कोवळी पानं सोडून. पाला मुळ्यातलं पाणी ओढत राहतो.

सेलरीत चीज भरायचं असेल तर २२५ ग्रॅम क्रीम चीज खोलीच्या तापमानाला येऊ द्या, त्यात ६० ग्रॅम ब्लू चीज आणि बारीक चिरलेली पार्सली घाला. यात वीसेक तुकडे भरतात. देठाची पन्हळ फडक्याने पूर्ण टिपून घ्या, ओल्या देठावरून चीज घसरतं. भरल्यावर ते फार वेळ थांबत नाही, टर्की कापायच्या तासभर आधी भरून झाकून फ्रीजमध्ये ठेवा.

पिकलमध्ये एक खारट, एक गोड आणि एक रंगीत असं असावं. खारटाला डिल पिकल (शेपू घातलेल्या काकड्या), गोडाला ब्रेड-अँड-बटर पिकलच्या, म्हणजे गोडसर मुरवलेल्या काकडीच्या, चकत्या. रंगीत म्हणून बीट घेतलंत तर वेगळ्या काचेच्या वाटीत, नाहीतर दहा मिनिटांत फ्लॉवर गुलाबी दिसेल. घरी करायला सर्वांत सोपा फ्लॉवर: ३०० ग्रॅम लहान तुरे घट्ट बरणीत भरा. १ कप व्हिनेगर (५ टक्के आम्लतेचं), १ कप पाणी, १ मोठा चमचा पिकलिंगचं मीठ, दीड मोठा चमचा साखर आणि १ छोटा चमचा मोहरी स्टीलच्या भांड्यात उकळून गरमच ओता. गार झालं की फ्रीजमध्ये. दोन दिवसांनी चव मुरते आणि दोन आठवडे टिकते. साध्या टेबल मिठातल्या गाठी न होऊ देणाऱ्या पदार्थामुळे पाणी गढूळ होतं, म्हणून पिकलिंगचं मीठ. लसूण घातलात आणि ती निळी-हिरवी झाली तर घाबरू नका, आम्लामुळे तसं होतं आणि खायला हरकत नाही. काकडीचं करणार असाल तर फुलाकडचं टोक कापून टाकाच, त्यातल्या एन्झाइममुळे काकडी लिबलिबीत होते. मात्र हे सगळं फ्रीजमध्ये ठेवायचं पिकल आहे. बाहेर फडताळात ठेवायची बरणी ही वेगळी, काटेकोर पद्धत आहे आणि तिथे अंदाजाचं काम नाही.

ऑलिव्हच्या बाबतीत तर अजिबातच नाही. १९१९ मध्ये ओहायोतल्या कँटन इथे एका मेजवानीत काचेच्या बरणीतल्या काळ्या ऑलिव्हमधून बोट्युलिझम (एका जंतूच्या विषाने होणारी जीवघेणी विषबाधा) होऊन माणसं दगावली. त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या काळ्या ऑलिव्हसाठी सुमारे ११६ अंश सेल्सिअसला दाबाखाली तापवण्याचे नियम झाले. आज दुकानातला डबा निर्धास्त उघडावा. सावध राहायचं ते घरी केलेल्या लसूण-तेलातल्या ऑलिव्हबाबत. कच्ची लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवली तर त्याच जंतूला हवं तसं, हवेविना वातावरण मिळतं. असे ऑलिव्ह आदल्या दिवशी करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. एका प्रकाराला संत्र्याची साल आणि चमचाभर ऑलिव्ह ऑइल लावलं तर पुरतं. काळे बिनबियांचे ऑलिव्ह मात्र तसेच साधे, धुऊन निथळून ठेवा; मुलं ते दहाही बोटांना टोप्यांसारखे घालतात आणि एकेक करून खातात, तेलकट असले की सगळीकडे डाग पडतात. बियांचे ऑलिव्ह असतील तर बियांसाठी रिकामी वाटी हवीच, आणि पहिली बी तुम्हीच आधी टाकून ठेवा. म्हणजे ती वाटी कशाची, हे सांगत बसावं लागत नाही.

क्रॅनबेरीचं कच्चं रेलिश याच ट्रेशेजारी शोभतं. ३४० ग्रॅमची एक पिशवी, एक अख्खं संत्रं सालीसकट आणि १५० ग्रॅम साखर. संत्र्याच्या फोडी करून बिया एकूण एक काढा, एक जरी भरडली गेली तरी कडवटपणा लागतो. फूड प्रोसेसरमध्ये थांबत थांबत फिरवा, भरड राहायला हवं. एकसलग फिरवलंत तर लगदा होईल. त्याच दिवशी चाखलंत तर फार आंबट लागेल, साखर लगेच वाढवू नका. तीन दिवस आधी करून ठेवा, ते मुरतं आणि त्यातल्या पेक्टिनमुळे जरा दाटही होतं.

भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं, कप्प्यांचं असेल तर उत्तम. चांदीचा ट्रे काढणार असाल तर आत काचेच्या वाट्या ठेवा, मिठाने चांदीला खड्डे पडतात. घरातली जुनी जड क्रिस्टलची ताटली असेल तर ती वाढण्यापुरतीच. तिच्या काचेत शिसं असतं आणि आम्लामुळे ते उतरतं, म्हणून पिकल रात्रभर तिच्यात भरून ठेवू नयेत.

बुधवारी रात्री सेलरी, गाजर, मुळे कापून पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवता येतात. काकडीच्या ताज्या चकत्या हव्या असतील तर त्या गुरुवारीच. गुरुवारी सकाळी रिकामा ट्रे फ्रीजमध्ये गार करा. टर्की ओव्हनमधून निघायच्या अर्धा तास आधी भाज्या चाळणीत काढा, जाड फडक्यावर पसरून गुंडाळी करा आणि हलकेच दाबा. पिकल आणि ऑलिव्ह कागदी टॉवेलवर दहा मिनिटं. मग मांडा: ओलं ते वाट्यांत, कोरडं ते थेट ट्रेवर, सेलरी एका दिशेने पानं बाहेर.

ट्रे टेबलावर आणायची वेळ म्हणजे टर्की ओव्हनमधून बाहेर आल्याची. कापण्याआधी तिला निदान वीस-तीस मिनिटं तसंच ठेवावं लागतं आणि नेमक्या त्याच वेळी सगळे भुकेने स्वयंपाकघरात घुटमळतात. दोन तास आधी मांडलेला ट्रे जेवणापर्यंत कोमट आणि अर्धा रिकामा होतो. चीज भरलेली सेलरी तर दोन तासांहून जास्त बाहेर राहिली असेल तर टाकूनच द्यावी. उरलेले पिकल ट्रेवरून परत बरणीत ओतू नका, वेगळ्या डब्यात ठेवून आधी ते संपवा. नुसती सेलरी आणि गाजराच्या कांड्या उरल्या असतील तर शुक्रवारी टर्कीच्या सांगाड्याबरोबर सूपच्या पातेल्यात घाला.