सान्सोंचा नकाशा घेताना काय काय तपासलं

फ्रेंच नकाशाकार निकोला सान्सोंच्या आशियाच्या छोट्या अ‍ॅटलासात (पॅरिस, १६५२) आपल्या द्वीपकल्पाचाही नकाशा आहे. शीर्षकातच दख्खन, गोवळकोंडा, विजयनगर आणि मलबार. त्याचं सुटं पान घेताना पहिली अडचण सालाची. चौकटीत कोरलेलं साल तांब्याच्या पत्र्याचं असतं, पानाचं नव्हे. एकच पत्रा वर्षानुवर्षं छापायला वापरत, शिवाय हेच नकाशे हॉलंडमध्ये नव्याने कोरलेही गेले. म्हणून मी सुरुवात कागदापासून केली.

पान उजेडासमोर धरलं. जाळीवर हाताने केलेल्या कागदात दाट बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण २५ मिलिमीटरवरच्या ठळक रेषा दिसतात. त्या नसून सगळा कागद एकसारखा दिसला, तर तो सतराव्या शतकातला नाही. तसा कागद युरोपात १७५०च्या सुमाराला आला. पण रेषा दिसल्या म्हणून निकाल लागत नाही, जुन्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर नक्कल छापता येते.

मग दहापट भिंग. ताम्रमुद्रणात शाई खाचेतून कागदावर येते, त्यामुळे रेघ किंचित उंच राहते आणि टोकाला केसासारखी निमुळती होते. ठिपक्यांची जाळी दिसली की ऑफसेट, म्हणजे आधुनिक यंत्रावरची छपाई. पत्र्याच्या कडेचा दाब बोटाला जाणवायला हवा. मात्र कडा कापल्या असतील तर तो नसतो, तेवढ्यावरून पान नाकारू नये.

सगळ्यात जास्त वेळ रंगाला दिला. त्या काळात फ्रेंच नकाशांत बहुधा सीमारेषाच रंगवत, म्हणून भरगच्च गडद रंग दिसले की नंतर चढवल्याची शंका घ्यावी. हिरवा सर्वांत बोलका. तो जंगालाचा, म्हणजे तांब्यापासून केलेल्या हिरव्या रंगाचा असेल तर तांबं कागद खातं आणि पान उलटल्यावर त्या सीमेची तपकिरी रेघ दिसते. इथे ती दिसली. एका जागी बारीक चीरही गेली होती. अशा कागदाला पाणी लावू नका, तांबं आजूबाजूला पसरतं. चीर संवर्धकाकडूनच मागून जोडून घ्यावी.

रेखांशाचे मोठे आकडे पाहून बिचकू नका. फ्रान्सने १६३४ मध्ये कॅनरी बेटांतलं फेरो बेट शून्य रेखांश धरलं, ते ग्रिनिचच्या सुमारे १८ अंश पश्चिमेला आहे.

फ्रेमसाठी आम्लविरहित सुती माउंट (नकाशाभोवतीचा जाड पुठ्ठा), वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची खळ. सेलोटेप अजिबात नको. काच अतिनील किरण अडवणारी घेतली आणि माउंटच्या जाडीमुळे ती नकाशाला टेकत नाही. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, म्हणून आतली भिंत निवडली आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले.