इशापूरची थ्री नॉट थ्री घेण्यापूर्वी

पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाल्यापासून मला एक रायफल हवी होती: पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली ली-एनफिल्ड. महाराष्ट्रात पोलिसांच्या खांद्यावर आपण वर्षानुवर्षं पाहत आलो ती थ्री नॉट थ्री. भारतात हा बोअर, म्हणजे नळीचा हा व्यास, सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाही. इथे मिळतो, पण एच-वन-बी व्हिसावर, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, बंदूक घेता येत नाही. त्यामुळे ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो. तोवर आमच्या शूटिंग क्लबातल्या एका जुन्या सदस्याकडून तपासणी शिकून घेतली.

दुकानात अशा दोन रायफली होत्या. पहिली नुसती झळकत होती. दुकानदाराची परवानगी घेतली, नळी भिंतीकडे वळवली, मॅगझिन काढलं, बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता भाग, मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, बोट घालून ते रिकामं असल्याची खात्री केली. हे झाल्याशिवाय पुढे काहीच करायचं नाही.

मग आकडे. बोल्टच्या दांड्यामागचा नंबर आणि रिसिव्हरवरचा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या चौकटीवरचा, नंबर एकच हवा, कारण कारखान्यात बोल्ट त्या-त्या रायफलीला बसवलेला असतो. पहिलीवर जुना नंबर घासून नवा कोरलेला स्पष्ट दिसत होता. लाकूड इतकं घासलं होतं की त्यावरचे सगळे शिक्के गेले होते. धातूवर काळ्या रंगाचा जाड थर होता. भारतीय रायफलींना असा रंग सर्रास देत, त्यामुळे रंग हा दोष नव्हे, पण त्याखाली गंजाचे खड्डे लपू शकतात. चापाच्या पुढे, जिथे रिसिव्हर पुढच्या लाकडाला टेकतो, तिथे टॉर्च मारली तर बारीक चीर दिसली. ही चीर मी सगळ्यात गंभीर मानतो. गोळी सुटताना मागे येणारा धक्का तिथेच झेलला जातो. लाकूड तिथे सैल झालं की नेम बिघडतो आणि चीर वाढत जाते. रायफल परत ठेवली.

दुसरी मळकट होती. दस्त्याच्या वरच्या पोलादी पट्टीवर मुकुट, त्याखाली जी. आर. आय. (सम्राट जॉर्जची आद्याक्षरं), मग इशापूर आणि 1943. नंबर जुळले. 'डीपी' शिक्का कुठेही नाही हेही पाहिलं. तो शिक्का म्हणजे रायफल फक्त कवायतीसाठी, ती झाडायची नाही. बोल्ट मागे घेतला, त्याचं डोकं वर फिरवून खाचेतून सोडवलं आणि पूर्ण बाहेर काढला. मागून प्रकाश टाकून नळीत डोकावलो. गोळीला फिरकी देणाऱ्या पाच खाचा, डावीकडे वळत गेलेल्या, कडा अजून धारदार. तळाशी काळपटपणा होता. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधला, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागातला, क्षार नळीत राहतो, हवेतलं पाणी ओढतो आणि गंज धरतो, त्यामुळे काळपट नळी नेहमीचीच. खाचा शाबूत असतील तर तेवढ्यावरून रायफल नाकारू नये, असं माझं ठाम मत आहे.

नळीचं तोंड वेगळं तपासावं लागतं, कारण साफसफाईची दोरी वर्षानुवर्षं ओढून ते झिजतं. बरोबर नेलेलं डमी काडतूस, गोळीची बाजू आत करून, तोंडात हलकेच घातलं. काडतुसाचं पितळी कवच टेकण्याआधीच गोळी अडली. पितळापर्यंत आत शिरली असती तर तोंड झिजलं असं धरलं असतं.

शेवटी हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर. या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते, मोजमाप तिच्यावरून होतं. दुकानात गेज, म्हणजे ठरावीक जाडीची मापं, नव्हती, म्हणून गनस्मिथकडून तपासून घेण्याच्या अटीवरच सौदा केला. 0.064 इंचाच्या गेजवर बोल्ट एका बोटाने बंद झाला, 0.074 वर झाला नाही. असंच व्हायला हवं. इथे बोल्टवर जोर लावायचा नसतो. जोर लावला तर गेज काय सांगतं ते कळतच नाही. जो विक्रेता ही तपासणी करू देत नाही, त्याच्याकडून मी कितीही स्वस्तात रायफल घेणार नाही.

बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म 4473 भरला, पार्श्वभूमीची चौकशी झाली आणि रायफल घरी आली. मैदानावर झाडलेलं प्रत्येक पितळ मी अजूनही उचलून बघतो. या रायफलींचं चेंबर मुळातच ऐसपैस असल्याने पितळ ताणलं जातं. बुडाच्या थोडं वर चमकदार कडं दिसलं, तर ते पितळ परत भरायचं नाही; पुढच्या वेळी ते तिथेच तुटू शकतं.