सोलापूरचे ऊन, व्हॅनचे छप्पर आणि कडुनिंबाची सावली

सोलापुरात गाडी उभी करायची म्हटली की चालकाची नजर आधी झाड शोधते. लग्नाचे कार्यालय असो की दवाखाना, कडुनिंबाची सावली मिळणार असेल तर दोनशे पावले जास्त चालायला येथे कोणी कुरकुरत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेतली, तिच्यात चार माणसांच्या झोपण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय करून घेतली आणि छपरावर सौर पॅनेल बसवली, तेव्हा या जन्मजात सवयीशी आपला उभा दावा लागणार आहे हे मला अजिबात उमगले नव्हते. ऊन हवे ते पॅनेलला, सावली हवी ती माणसांना आणि बॅटरीला, आणि गाडी मात्र एकच.

काम सुरू करताना आमच्या वायरिंगच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी निर्वाळा दिला होता, "सर, आपल्या गावात उन्हाला काय तोटा हाय का?" तोटा नाही हे खरेच. सोलापूर साधारण साडेसतरा अक्षांशाच्या थोडे वर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य येथे भरदुपारी अगदी डोक्यावर येतो, आणि छपरावर सपाट बसवलेल्या पॅनेलला त्या दिवसांत जवळजवळ सरळ ऊन मिळते. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य माध्यान्हीला सुमारे ४९ अंशांवर असतो, म्हणजे सपाट पॅनेलवर ऐन दुपारीसुद्धा सरळ उन्हाच्या पाऊणपट ऊन पडते. हे गणित मी वहीत मांडले आणि उन्हाळ्यात आपल्याकडे विजेचा सुकाळ होणार असे घरात सांगून टाकले. प्रत्यक्षात वर्षातले सर्वांत चांगले आकडे मला फेब्रुवारीत मिळाले.

याचे कारण पॅनेलच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावरच छापलेले होते. पॅनेलची नमूद केलेली क्षमता ही त्याच्या पेशी, म्हणजे काचेखालचे वीज तयार करणारे छोटे तुकडे, २५ अंश सेल्सिअसला असतानाची असते, आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के क्षमता घटत जाते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत चढतो आणि उन्हातल्या पॅनेलच्या पेशी हवेपेक्षा २५ ते ३० अंशांनी अधिक तापतात, म्हणजे त्या ७० अंशांच्या आसपास पोहोचतात. पंचेचाळीस अंशांचा हा फरक गुणला की सुमारे १६ टक्के घट निघते. आमची प्रत्येकी २०० वॅटची दोन पॅनेल आहेत, त्यांच्या ४०० वॅटचे मे महिन्यातल्या दुपारी ३३५ वॅटच उरतात, आणि तारा, धूळ व कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला सोसेल अशी करून देणारे यंत्र, यांचा वाटा वजा जाता मला कंट्रोलरवर ३१० च्या वर आकडा क्वचितच दिसला.

ही घट सोसता येते. घात झाला तो व्होल्टेजमुळे, आणि तो समजायला मला तीन आठवडे लागले. छत्तीस पेशींचे पॅनेल, ज्याला बाजारात 'बारा व्होल्टचे' म्हणतात, थंड असताना सुमारे १८ व्होल्टला काम करते, पण ७० अंशांना तेच १५ व्होल्टच्या आसपास येते. मिस्त्रींनी दोन्ही पॅनेल समांतर जोडली होती, म्हणजे व्होल्टेज एकाचेच आणि प्रवाह दोघांचा मिळून, त्यामुळे सुमारे २० अँपिअर प्रवाह ४ चौरस मिलिमीटरच्या तारेतून जात होता, आणि जाऊन-येऊन १० मीटर लांबीच्या त्या तारेत जवळजवळ एक व्होल्ट खर्ची पडत होता. बॅटरीला पूर्ण भरण्यासाठी १४.४ व्होल्ट लागतात आणि कंट्रोलरच्या दारात पोहोचत होते १४ च्या आगेमागे. सकाळी दहाला जोरात चालणारे चार्जिंग दुपारी एकला मंद होई, आणि आम्ही सगळे पॅनेलच्या नावाने बोटे मोडत असू. शेवटी दोन्ही पॅनेल एकसर, म्हणजे एकामागे एक जोडली. आता व्होल्टेज दुप्पट झाल्यामुळे तापल्यावरही ३० व्होल्ट हाताशी राहतात, प्रवाह निम्म्यावर आल्याने तारेतली हानी चौथाईवर आली, आणि एमपीपीटी प्रकारचा कंट्रोलर ते जास्तीचे व्होल्टेज बॅटरीला लागेल तेवढे उतरवून त्या बदल्यात प्रवाह वाढवून देतो. जो पीडब्ल्यूएम प्रकारचा स्वस्त कंट्रोलर मला आधी एका दुकानदाराने सुचवला होता तो हे काम करू शकत नाही, तो पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर खेचून आणतो. थंड मुलखातल्या माणसाला कदाचित ही सगळी उठाठेव करावी लागणार नाही, आपल्याकडे मात्र सावली टाळता येत असेल तर एकसर जोडणीच धरावी असे माझे मत झाले आहे.

पॅनेल छपराला चिकटवून बसवायची की उचलून, यावर मात्र मी सुरुवातीपासून ठाम होतो. चिकटवण्याची लवचिक पॅनेल हलकी आणि दिसायला देखणी असतात, पण त्यांच्या पाठीखालून वारा फिरत नाही आणि तापलेल्या पत्र्याची सगळी धग ती अंगावर घेतात. आम्ही काचेची साधी पॅनेल ॲल्युमिनियमच्या चौकटीवर, पत्र्यापासून सहा सेंटिमीटर उंच बसवली. त्याचा एक लाभ मी हिशेबात धरलाच नव्हता. पॅनेलखालचा पत्रा दुपारी हाताला सोसवतो आणि उघडा पत्रा चटका देतो, म्हणजे पॅनेल ही गाडीवर घातलेला मांडवच झाली आहेत. सोलापूरच्या जुन्या वाड्यांचे धाब्याचे जाड छत ज्या कामासाठी असे, त्यातले थोडेसे काम येथे हवेची ही सहा सेंटिमीटरची पोकळी करते. चौकटीच्या प्रत्येक बोल्टखाली आतून जाड पट्टी दिली आहे आणि भोकांभोवती पॉलियुरेथेनचे सीलंट भरले आहे. आपल्याकडचा पाऊस बराचसा सप्टेंबरातला, तोही धो-धो, आणि पत्र्यातली गळती त्या एका महिन्यात सगळे लाकूडकाम फुगवू शकते.

या कामाला हात घालण्यापूर्वी कागदपत्रांची बाजू पाहणे आवश्यक आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा अटकाव आहे, म्हणून आम्ही आसने काढण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात जाऊन चौकशी केली आणि नंतर धावपळ वाचली.

आता विजेच्या गरजेविषयी. सर्वांत मोठा ग्राहक फ्रिज आहे, आणि तो चैनीसाठी नाही. आईचे इन्सुलिन आमच्याबरोबर असते, आणि न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. बारा व्होल्टवर चालणारा हा छोटा फ्रिज चालू असताना ४५ वॅट घेतो, आणि उन्हाळ्यात दिवसाचे १३ तास तरी त्याचा कॉम्प्रेसर फिरत असतो, म्हणजे जवळपास ५८५ वॅट-तास झाले. दोन पंख्यांचे ३००, दिव्यांचे ८०, मोबाइल-लॅपटॉपचे दीडशे आणि पाण्याच्या पंपाचे किरकोळ धरून दिवसाला साधारण ११५० वॅट-तास लागतात. पॅनेलच्या दर वॅटमागे दिवसाला चार वॅट-तास असा सावध अंदाज धरला तर ४०० वॅटमधून १६०० मिळतात. वातानुकूलनाची आशा मात्र पहिल्याच दिवशी सोडावी. एक टनाचे यंत्र तासाला हजार वॅट-तासांच्या आसपास घेते, आणि आठ तास चालवायचे म्हटले तर तेवढ्यासाठीच आमच्याकडे आहेत त्याच्या पाचपट पॅनेल लागतील. या प्रश्नावर नातेवाइकांशी झालेले वाद येथे देत नाही.

बॅटरीसाठी मिस्त्रींचा कल घरच्या इन्व्हर्टरला असते तशा ट्यूब्युलर बॅटरीकडे होता. भारनियमनाच्या काळात आपल्या सगळ्यांचा तिच्याशी घरोबा झालेला आहे, त्यामुळे तिच्यावर विश्वास बसणे साहजिक आहे. परंतु तिचे वजन ५५ किलोच्या पुढे, आम्लाची वाफ झोपायच्या जागेत, आणि १५० अँपिअर-तासांतील निम्मेच वापरायचे, कारण रोज त्याहून खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. आम्ही १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. तिच्यात २५६० वॅट-तास मावतात आणि वजन निम्म्याहून कमी भरते. एका गोष्टीत मात्र काटकसर नको. या बॅटरीच्या दोन टोकांमध्ये चुकून पान्हा पडला तर हजारो अँपिअर प्रवाह वाहू शकतो, म्हणून तिच्या धन टोकापासून वीतभर अंतरात योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच. तसेच कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची आणि मग पॅनेल, काढताना उलट क्रम, हे मी कंट्रोलरच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले आहे.

या बॅटरीनेच आम्हाला नळदुर्गला घाम फोडला. मे महिन्यातला दिवस होता, किल्ला पाहून दुपारी तीनच्या सुमारास गाडीत परतलो, तर मोबाइलवर पॅनेलचे व्होल्टेज ३८ आणि प्रवाह शून्य. व्होल्टेज आहे म्हणजे पॅनेल आणि तारा शाबूत आहेत, प्रवाह नाही म्हणजे घेणारा घेत नाही, एवढे समजायलाही मला त्या उकाड्यात अर्धा तास लागला. बॅटरी आम्ही मागच्या दाराजवळ लोखंडी पेटीत ठेवली होती आणि पश्चिमेचे ऊन थेट त्या पेटीवर येत होते. आतले तापमान ५५ अंशांवर गेल्यामुळे बॅटरीतील संरक्षक यंत्रणेने, जिला सगळे बीएमएस म्हणतात, चार्जिंग बंद केले होते. वीज देणे तिने थांबवले नव्हते, म्हणून फ्रिज चालू राहिला आणि इन्सुलिन वाचले. संध्याकाळी पेटी निवाल्यावर चार्जिंग आपोआप सुरू झाले खरे, पण तोवर सूर्य बोरी नदीपलीकडे कलला होता.

परत आल्यावर ती पेटी काढली आणि बॅटरी पलंगाखाली, गाडीच्या मध्यभागी, जाळीच्या प्लायवूडच्या खोक्यात ठेवली. शेजारी एक लहान पंखा आणि तापमापक बसवला, छताला आतून फोमचा थर दिला. चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावरून, बॅटरी भरण्यासाठी ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जरही त्याच वेळी बसवला. पुण्याला जाईपर्यंत तो बॅटरीचा मोठा भाग भरून देतो, आणि आषाढीच्या ढगाळ दिवसांत, जेव्हा पॅनेलचे उत्पादन तिसऱ्या हिश्शावर येते, तेव्हा पंढरपूरच्या वाटेवर त्याचाच आधार वाटतो.

थंडीतली अडचण वेगळी आहे. जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ, आणि गळीत हंगामात धुराड्यांतून बगॅसची, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चोयट्यांची, काळी राख वाऱ्याबरोबर येऊन पॅनेलवर बसते. अंगणातल्या फरशीवर ती दिसते, छपरावरची दिसत नाही. एका रविवारी शिडी लावून ओल्या फडक्याने पॅनेल पुसली, तर बॅटरीकडे जाणारा प्रवाह १७ वरून २० अँपिअरवर गेला. तेव्हापासून हंगामात दर आठवड्याला, पहाटे पॅनेल गार असताना, साध्या पाण्याने पुसणे होते. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

राहिला सावलीचा दावा. तो अखेर एका सुट्या पॅनेलने मिटला. १०० वॅटचे, २४ व्होल्ट वर्गातले हे पॅनेल गाडीत उभे ठेवता येते. मुक्कामी पोहोचलो की गाडी निवांत झाडाखाली लावायची, आणि १० मीटरची केबल ओढून हे पॅनेल उन्हात, सूर्याकडे तोंड करून टेकवायचे. त्याला वेगळा छोटा कंट्रोलर आहे, कारण त्याचे व्होल्टेज छपरावरच्या जोडीशी जुळत नाही. सावलीत फ्रिजही कमी वेळ चालतो, त्यामुळे या एका पॅनेलवर त्याचे बरेचसे भागते.

अक्कलकोटला गेल्या एप्रिलमध्ये आईने या पॅनेलशेजारी कापड अंथरून कुरडया घातल्या. वाऱ्याने कापडाचा कोपरा उडून पॅनेलच्या खालच्या पट्टीवर पडला, आणि झाकले गेले हातभरच, पण वीज निम्म्याच्याही खाली आली, कारण पेशी एकामागे एक जोडलेल्या असतात आणि झाकलेली पेशी आपल्या सगळ्या साखळीला अडवून धरते. आता वाळवणाच्या कापडावर चार कोपऱ्यांना चार दगड असतात, आणि ते आईच मोजून ठेवते.