आमची वाटचाल : सुंठवड्यापासून सुंठेच्या बिस्किटांपर्यंत

रामनवमीला आमच्याकडे सुंठवडा होतो. सुंठ, सुकं खोबरं, साखर. सासूबाई परातभर करतात आणि सगळ्या आळीत वाटतात. सात वर्षांपूर्वी त्यातला वाटीभर उरला होता. मी तो नानकटाईच्या पिठात मळला आणि घरच्या छोट्या ओव्हनमध्ये भाजून पाहिला. त्या दिवाळीत चकली-लाडवांबरोबर ही बिस्किटं चार घरी गेली. डबे परत आले ते ‘अजून करून दे, पैसे घे’ या निरोपासकट. आमचा धंदा सुरू झाला तो असा.

आम्ही साताऱ्याचे. जिल्ह्यात आल्याची शेती भरपूर, म्हणून आधी ताजं आलं किसून घातलं. बिस्किटं मऊ पडली आणि धागे दातांत अडकायला लागले. सुंठेचं काम वेगळं. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट घटकाचं शोगॉल होतं, आणि ते जास्त तिखट असतं. आमचं बिस्कीट खाल्ल्यावर घशाशी जो उबदार चटका लागतो, तो त्याचाच. तेव्हापासून आल्याच्या चवीसाठी सुंठ सोडून दुसरं काही घातलं नाही, इसेन्स तर कधीच नाही.

सुंठ निवडणं सासूबाईंकडे. पांढरीशुभ्र सुंठ त्या हातातसुद्धा घेत नाहीत. चुन्यात घोळलेली असली की बोटाला भुकटी लागते. मातकट रंगाचा तुकडा घेऊन मोडायचा. टचकन मोडला आणि वास नाकात शिरला की घ्यायचा. मग दोन उन्हं देऊन खलबत्त्यात ठेचायचा, मिक्सरला फिरवायचा आणि वस्त्रगाळ करायचा. पूड आठवड्यापुरतीच करतो, कारण महिनाभर ठेवलेल्या पुडीला रंग राहतो, वास राहत नाही.

एक किलो पिठाला 25 ग्रॅम सुंठ, शिवाय दालचिनी, थोडी मिरी आणि मोजून लवंगा. लवंग जास्त झाली की बिस्किटाला दातांच्या औषधाचा वास येतो. गूळ लोण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण गार करून घालतो. पीठ रात्रभर फ्रीजमध्ये मुरतं. सकाळी पोळपाटावर लाटायचं आणि शंकरपाळ्यांच्या कातणानेच कापायचं. गूळ लवकर करपतो, म्हणून ओव्हन 160 अंशांवर.

पहिली मोठी ऑर्डर एका कार्यालयाची होती, दिवाळीभेटीसाठी 60 पाकिटं. रात्री दोनपर्यंत भाजत होतो आणि सकाळी माल द्यायचा होता. बिस्किटं कोमट असतानाच भरली. आतली वाफ पाकिटातच राहिली, गुळाने ती ओढून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी फोन आला की बिस्किटं पोळीसारखी वाकतायत. सगळे पैसे परत केले. मला आठवडाभर ओव्हनकडे बघवेना. शेवटी मिस्टरांनीच लोखंडी जाळ्या करून आणल्या. आता बिस्किटं त्या जाळीवर निदान तीन तास गार होतात, आणि मोडताना ‘कट्ट’ आवाज आल्याशिवाय एकही पाकिटात जात नाही. परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत लांबला, तर त्या दिवशी भाजणंच बंद ठेवतो. गिऱ्हाईक थांबतं, असा अनुभव आहे.

एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लवकरच करून घेतली. लहान उद्योगाला वर्षाचे 100 रुपये पडले. घरून खाण्याचं काही विकणाऱ्या प्रत्येक बाईला मी हे आधी सांगते. पाकिटावर घटक, वजन, तारीख, नोंदणी क्रमांक, हिरवा ठिपका हे सगळं आलं की दुकानदारही नीट बोलतो.

नाताळची मागणी पाचगणीहून आली. तिथल्या एका बाईंना त्यांच्या आजीच्या जिंजर बिस्किटांची आठवण झाली म्हणे, फक्त आमचं जरा जास्त तिखट. त्यांच्यासाठी चांदणीचा साचा आणला, मसाला मात्र तोच ठेवला. आता दिवाळी ते नाताळ शेजारच्या दोघी कामाला येतात. तरी दिवसाला 6 किलोच्या वर आम्ही जात नाही. त्यापुढे जाळ्यांवर जागा उरत नाही, आणि कोमट माल पुन्हा भरायचा नाही हे ठरलेलं आहे.

यंदाची सुंठ परवा आली. पाच किलोंतली दोन सासूबाईंनी परत पाठवली.