अजिंठा, वेरूळ, देवगिरी, लोणार: एसटीने, पोराबाळांसकट, खिशाला झेपेल असं

सगळ्यात आधी वार बघा, हॉटेल-बिटेल नंतर. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद. सोपं आहे पण लोकांना माहीत नसतं, आणि मग शंभर किलोमीटर येऊन गेटवरच्या पाटीसोबत फोटो काढून परत जातात. आम्ही रविवारी रात्री संभाजीनगर गाठलं, सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, मग देवगिरी आणि शेवटी लोणार. शनिवार-रविवारची गर्दी आपोआप टळली.

आता खर्चाचं. ही ट्रिप महाग पडते ती तिकिटांमुळे नाही. वेरूळ आणि अजिंठ्याला आपल्याला माणशी 40 रुपये, देवगिरीला 25, आणि 15 वर्षांखालच्या पोरांना फुकट. पैसे जातात ते गाडीत. रोजची गाडी केली की ड्रायव्हर, पार्किंग, टोल, आणि वर तो म्हणेल त्याच हॉटेलात जेवण. आम्ही सरळ लाल परी धरली. बायकांना अर्धं तिकीट, 75 च्या पुढे पूर्ण मोफत, 5 ते 12 च्या पोरांना अर्धं, म्हणजे सासूबाई फुकट, मी, लेक आणि धाकटा अर्ध्यात आणि अख्खं तिकीट काय ते एकट्या नवऱ्याचं. कंडक्टरने हिशोब करून त्याच्याकडे जरा दयेनेच बघितलं. ज्येष्ठांचं आधार कार्ड मात्र हातात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

राहायला मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपासचं साधं लॉज घ्या. वेरूळ, अजिंठा, देवगिरी तिन्हीसाठी गाड्या तिथूनच मिळतात, सकाळी रिक्षाचे पैसे वाचतात. फक्त खोली रस्त्याच्या बाजूची घेऊ नका, रात्रभर हॉर्न.

वेरूळला अख्खा दिवस द्या, हे मी भांडून सांगेन. एका दिवसात वेरूळ, देवगिरी, घृष्णेश्वर, खुलताबाद, बीबी का मकबरा असं सगळं उरकणाऱ्या टूर असतात, त्यात वेरूळच्या कैलास मंदिराला मोजून पाऊण तास मिळतो. अहो, आख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय, आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात. पाया आधी नाही, कळस आधी! पोरांना हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून आधी बाजूच्या वाटेने डोंगरावर चढून वरून मंदिर दाखवा आणि मग खाली आत न्या. वाटेला कठडा सगळीकडे नाही, पोरांचा हात धरूनच. आत गेल्यावर दक्षिणेकडच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे, वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीये, आणि शंकर मात्र निवांत. आमच्या धाकट्याने तिथे बसून रावणाचे हात मोजले, दोनदा, आणि दोन्ही वेळा वेगळे आले.

गाडीचे जे पैसे वाचले त्यातले थोडे इथे गाइडवर घाला. ओळखपत्र असलेला सरकारी परवान्याचा गाइड बघायचा आणि रांगेत शेजारी उभ्या असलेल्या फॅमिलीला विचारायचं, अर्धे अर्धे करूया का, बहुतेक लोक हो म्हणतात. एकूण 34 लेणी आहेत, 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. सगळी बघायचा हट्ट नको. 10 नंबर (सुताराचं लेणं, दगडात लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्यात), 16 म्हणजे कैलास, 29 आणि 32 एवढी नीट बघा. जैन लेणी पायी लांब पडतात, म्हातारी माणसं असतील तर आतल्या वाहनाची चौकशी आधीच करा. पावसाळ्यात गेलात तर 29 च्या शेजारी धबधबा असतो, पोरं तिथून हलत नाहीत. घृष्णेश्वर अगदी जवळ आहे, गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट-बनियन काढून जावं लागतं, सोमवारी गर्दी असते ती धरूनच चाला.

अजिंठ्याला जळगावकडे जाणारी गाडी पकडायची, अडीच-तीन तास धरा. फर्दापूर फाट्यावर उतरायचं, तिथून पुढे साधारण चार किलोमीटर एसटीचीच शटल बस. फाट्यावर दुकानांच्या गल्लीतून जावं लागतं आणि चकाकणारे दगड विकणारे मागे लागतात, मान खाली घालून चालत राहा. खाऊ-पाणी शहरातूनच न्या. आमच्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, दुपारचा हॉटेलचा खर्च शून्य. सुरुवातीलाच पायऱ्यांचा चढ आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांच्यासाठी डोली केली. भाव चढायच्या आधी पक्का करा, परतीसकट.

चित्रं बघायची तर लेण्यात शिरल्या शिरल्या बाहेर पडू नका. उन्हातून आत गेलं की पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही आणि लोक नेमके तेवढ्यात वैतागून निघतात. 1 नंबरमधला पद्मपाणी हळूहळू समोर येतो, आधी मुकुट, मग झुकलेले डोळे, मग हातातलं कमळ. फ्लॅश मारायला बंदी आहे, आणि असायलाच हवी. ही चित्रं माती, भुसा, काथ्या असल्या लिंपणावर काढलेली आहेत आणि ठिकठिकाणी पोपडे निघालेत. 10 नंबरमध्ये पोरांना एक गंमत दाखवा. 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे पोचला आणि खांबावर आपलं नाव कोरून गेला. ते नाव माणसाच्या डोक्याच्याही वर आहे, कारण तेव्हा लेणं गाळाने एवढं भरलेलं होतं की तो गाळावर उभा होता. लेक लगेच म्हणाली, म्हणजे तेव्हा पण लोक नावं लिहायचे? काय बोलणार. 26 मधला महापरिनिर्वाणाचा पहुडलेला बुद्ध शेवटाकडे आहे, तिथपर्यंत पोचायला पायात जीव राखून ठेवा.

देवगिरी (दौलताबाद) वेरूळच्याच रस्त्यावर, शहरापासून पंधराएक किलोमीटर. यादवांची राजधानी, आणि 1327 मध्ये तुघलकाने दिल्लीहून राजधानी हलवली तीही इथेच. किल्ला सकाळी उघडतो तेव्हाच चढा, दहा-अकरानंतर दगड तापतो. खंदकावरचा पूल, मग अंधारी. हा काळोखा भुयारी मार्ग म्हणजे पोरांच्या दृष्टीने ट्रिपचा हायलाइट आणि माझ्या दृष्टीने वटवाघळांचा वास. टॉर्च न्या, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका, एक हात मोकळा हवा. ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी चांदमिनार आणि भारतमाता मंदिरापाशी सावलीत बसावं, तिथेही बघण्यासारखं भरपूर आहे. माकडं आहेत, हातात खाऊची पिशवी दिसू देऊ नका.

मकबरा आम्ही संध्याकाळी उरकला. ताजमहालाशी तुलना करत गेलं नाही तर आवडतो.

लोणारला जायचा रस्ता जालना, सिंदखेडराजावरून. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान असलेला लखुजी जाधवांचा वाडा बघून पुढची गाडी धरली. थेट गाडी नसेल तर मेहकर करून लोणार, तिथून गाड्या मिळतात. विवर उल्का आदळून झालेलं, बसाल्टमध्ये, वरून रुंदी जवळपास 1.8 किलोमीटर. काठावरून नुसता सेल्फी काढून परतू नका. सकाळी लवकर, गावातल्या कुणाला तरी सोबत घेऊन खाली उतरा, झाडी दाट आहे. जाताना कागदाच्या पुडीत चिमूटभर हळद न्या. तळ्याचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, हळद लावलेल्या कागदावर एक थेंब टाकला की पिवळ्याचा लालसर तपकिरी होतो. पोरीने शाळेच्या वहीत तो कागद चिकटवून टाकला. 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे, आता गुलाबी दिसेल या आशेने जाऊ नका. गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका, बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं सावकाश बघण्यासारखी आहेत.

उन्हाळ्यात पोरांना घेऊन हे सगळं करू नका, मराठवाड्याचं ऊन चेष्टा नाही. पावसाळ्याच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत बरं. आणि प्रत्येक ठिकाणी उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी कितीला ते स्टँडवर कंट्रोलरला विचारून घ्या, ॲपवर जे दिसतं त्यावर जाऊ नका, विशेषतः लोणारला.