वायरिंग खराब झालीय म्हणले

लातूरला माझी छोटी हिस्टोपॅथॉलॉजीची, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासायची, लॅब आहे. आमच्याकडे पेशंट येत नाहीत, डब्या येतात. फॉर्मालीनमधला तुकडा आणि एक चिठ्ठी, बस. मागच्या उन्हाळ्यात मात्र एका डबीच्या मागोमाग मुलगा आला, औसा तालुक्यातला, हातात जीन टेस्टची प्रिंट.

वडील साठीचे, बिडी चाळीस वर्षांची. लघवीतून रक्त जायचं पण दुखायचं काहीच नाही, म्हणून घरच्यांनी उन्हाळी समजून चार महिने धने-जिऱ्याचं पाणी पाजलं, आणि रक्त आपोआप थांबायचं त्यामुळे ते खरंही वाटायचं. पहिल्यांदा दुर्बिणीतून जे तुकडे काढून पाठवले होते त्यात मूत्राशयाचा जाड स्नायूच नव्हता. स्नायू नाही तर कॅन्सरची गाठ किती खोल गेलीय ते मी काय कपाळ सांगणार? दुसऱ्यांदा काढायला लावलं, तेव्हा दिसलं, गुलाबी स्नायूच्या जुड्यांमधून एकेक, दोन-दोन पेशी सुट्या घुसलेल्या. ई-कॅडहेरिनचा स्टेन केला तर वर प्रत्येक पेशीभोवती तपकिरी चौकट, मधाच्या पोळ्यासारखी, आणि खाली स्नायूपाशी ती जवळपास पुसलेली. हे प्रोटीन पेशींना एकमेकींना धरून ठेवतं. त्याचा जीन बऱ्याचदा धड असतो बरं का, झेब1 सारखी प्रोटीनं येऊन त्याला गप्प करतात, मग पेशी सुटतात आणि पांगतात.

तर मुलगा म्हणाला, "मॅडम, ह्याच्यात टर्ट का काय लिवलंय. आमच्या लेकरायला लागंल का हे?"

मी आपलं सुरू केलं, प्रमोटर, टेलोमरेज... तो नुसता मान हलवायलेला. मग म्हणलं, हे बघा, प्रत्येक वेळी पेशीची वाटणी झाली की गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात, ती भरून काढणारं मशीन मोठ्या माणसाच्या बहुतेक पेशींत बंद असतं. तुमच्या वडिलांच्या गाठीत त्या मशीनच्या टर्ट जीनच्या आधीच्या तुकड्यातलं एक अक्षर बदललंय, फक्त एक. मशीन आहे तसंच आहे, पण ते चालू राहिलंय.

"म्हंजे ऑटो टाकल्यावानी," तो म्हणाला. "मोटार चांगलीय, स्टार्टर अडकलाय. लाईट आली की सुरू, इहिरीत पाणी नसलं तरी."

वीस वर्षं शिकले, मला हे सुचलं नव्हतं. मूत्राशयाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये हाच स्टार्टर अडकलेला सापडतो. लेकरांचं सांगितलं, हा बदल गाठीतच झालेला आहे, जन्मापासूनचा नाही, वारशात जात नाही. आणि बिडीचं विष रक्तातून लघवीत उतरतं, तिथं ते मूत्राशयाच्या अस्तराला तासनतास भिडून बसतं, हेही सांगितलं. तेव्हा त्याचा हात नकळत शर्टाच्या खिशावर गेला. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

रिपोर्टवर टीपी53 सुद्धा होता, तो पेशींच्या वाढीला ब्रेक लावणारा जीन, त्यावर मी फार बोलले नाही. पुढं आधी केमो आणि मग लघवीची पिशवी काढायचं ऑपरेशन, ते सर्जनचं काम.

वडील बाहेर जिन्यावर बसले होते, टोपी गुडघ्यावर. दार उघडंच होतं.

"काय म्हणल्या रं?"

"वायरिंग खराब झालीय म्हणल्या."

म्हातारा जरा वेळ गप्प. मग हळूच, "आन् बिडीचं काय म्हणल्या?"